देर अझ-झोर, जानेवारी २०१७ : धावपट्टी हातात असूनही विमानतळ शहरापासून का तुटला?

खानापूरकर_संदीप (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या वाचनालयात युद्धेतिहासावर बैठक असते. पुढच्या बैठकीला सीरियातला देर अझ-झोरचा वेढा मांडायचा आहे. बरंच वाचालोय, पण काही गोष्टींची सांगड बसेना.

घटनाक्रम ठाऊक आहे. जुलै २०१४ पासून आयसिसनं शहराला वेढा घातला. युफ्रेटिसच्या उजव्या काठावर शहराचा पश्चिम भाग आणि आग्नेयेचा लष्करी विमानतळ एवढाच पट्टा असदच्या सरकारकडं राहिला. १४ जानेवारी २०१७ ला मोठा हल्ला झाला आणि १६ तारखेला शहर एकीकडं, विमानतळ दुसरीकडं झाला. ५ सप्टेंबर २०१७ ला वेढा फुटला.

आता शंका. धावपट्टी सरकारच्या ताब्यात होती, तर विमानं उतरवून रसद का आणली नाही? हल्ला सगळा जोर लावून विमानतळावर न करता शहर आणि विमानतळ यांच्या मधल्या कब्रस्तानावर का केला? रक्का प्रांतातला तबकाचा हवाई तळ काही दिवसांत पडला, मग हा तीन वर्षं कसा टिकला? आणि संयुक्त राष्ट्रांनी वरून टाकलेलं धान्य पहिल्या खेपेला का फसलं?

ऐकायला येणाऱ्यांत निवृत्त फौजी बरेच असतात. त्यांना मोघम सांगून चालत नाही, आकडे लागतात. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा की ओ.

---

सुभेदार_येळ्ळूर

संदीप, धावपट्टीपासून सुरुवात करू, कारण तिथंच बहुतेकांचा घोळ होतो.

विमानतळ ताब्यात आहे म्हणजे कुंपणाच्या आत आपले जवान आहेत, एवढाच अर्थ होतो. विमान उतरवायला त्याच्या पलीकडचं बरंच काही हातात लागतं. अवजड मालवाहू विमान शेवटच्या आठ-दहा किलोमीटरांत सरळ रेषेत, हळू आणि खाली येतं. तीन अंशांच्या उतारानं येणारं विमान धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर असताना जमिनीपासून जेमतेम २६० मीटर वर असतं. त्या वेळी त्याला वळता येत नाही की वेग घेता येत नाही. उतरल्यावर माल काढायला अर्धा-पाऊण तास उभं राहायचं आणि पुन्हा त्याच मार्गानं वर चढायचं. म्हणजे धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा पट्टा आणि त्यावर नजर असलेली प्रत्येक उंच जागा आपल्याकडं हवी.

देर अझ-झोरला ती उंच जागा म्हणजे दक्षिणेचा जबल थरदा. डोंगर म्हणतात खरा, पण उंची फार नाही. बाकी सगळं सपाट वाळवंट असल्यानं तेवढी पुरते. आपला येळ्ळूरचा गड उचलून सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) धावपट्टीपासून तीन-चार किलोमीटरवर ठेवला तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. वर बसलेल्याला प्रत्येक हालचाल दिसते. वाळवंटात आडोसा नाही, त्यामुळं मारा दुरूनही अचूक बसतो. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं चार-साडेपाच किलोमीटरपर्यंत पोचतात, ५७ मिमीची जुनी विमानविरोधी तोफ त्याच पल्ल्यात जमिनीवरही चालते, तोफगोळे तर आणखी लांब जातात. उभं असलेलं विमान हे सगळ्यात सोपं लक्ष्य.

थरदावरच्या चौक्या सैन्याकडं होत्या तोवर कशीबशी वाहतूक चालली. १७ सप्टेंबर २०१६ ला अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानांनी त्याच चौक्यांवर बाँब टाकले. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि डेन्मार्कची विमानंही त्यात होती. आयसिसचे लोक समजून मारा केला, चूक झाली, असं आघाडीनं नंतर सांगितलं. रशियानं ६२ सैनिक ठार आणि शंभरावर जखमी असा आकडा दिला. माऱ्यापाठोपाठ आयसिसनं तिथं चढाई केली. त्यानंतर मालवाहू विमान उतरवणं बंद पडलं. उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या कामिश्लीहून रात्री दिवे बंद ठेवून हेलिकॉप्टरं येत, तेवढाच आधार राहिला.

म्हणून जानेवारी २०१७ चा हल्ला समजून घ्यायचा तर सुरुवात सप्टेंबर २०१६ पासून करा. चार महिने आधीच डाव अर्धा झाला होता.

---

टिळकवाडी_वाचक

सुभेदारसाहेबांनी डोंगर सांगितला, मी कब्रस्तानाचं सांगतो.

सरकारचा पट्टा डंबेलसारखा होता. पश्चिमेला जौरा आणि कसूर या वस्त्या, त्यांच्या मागं १३७ व्या ब्रिगेडचा तळ. लाखभर नागरिकांपैकी बहुतेक इथंच. आग्नेयेला विमानतळ आणि त्याला लागून हराबिश ही वस्ती. दोन्हींना जोडणारी मधली चिंचोळी पट्टी शहराच्या दक्षिण कडेनं, पॅनोरमा चौक आणि कब्रस्तानाच्या बाजूनं जायची.

हल्ला करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. विमानतळाला कुंपण, खंदक, गाडलेले रणगाडे, मोजून ठेवलेले तोफखान्याचे पल्ले. आयसिसनं डिसेंबर २०१४ मध्ये तिथं जोर लावून बघितला होता, पुढंही प्रयत्न केले, आणि दर वेळी उघड्या मैदानात माणसं गमावली. पश्चिमेच्या वस्त्यांत घरोघरी लढावं लागलं असतं, त्यात महिने जातात. मधल्या पट्टीत यातलं काहीच नाही. रुंदी कमी, मागं हटायला जागा नाही, राखीव तुकडी ठेवायला पुरेसं अंतर नाही. खणायलाही अवघड, आणि कब्रस्तान असल्यानं कबरींच्या ओळी हल्लेखोरालाच आडोसा देतात.

१४ तारखेला एकाच वेळी अनेक बाजूंनी दाब दिला. वेढ्यातल्या सेनापतीची खरी अडचण इथं असते. राखीव माणसं थोडी, आणि खरा घाव कुठला ते पहिल्या काही तासांत कळत नाही. सगळीकडून एकसारखा दाब आला की तो राखीव दल वाटून टाकतो किंवा धरून बसतो. दोन्हींत मधली पट्टी उघडी पडते. बाँब भरलेल्या चिलखती गाड्या चौकीवर आदळवायच्या, धुरळा बसायच्या आत पायदळ घुसवायचं, ही आयसिसची ठरलेली पद्धत होती. १६ तारखेला पट्टी तुटली.

तुटल्यावर काय बदललं, हे बैठकीत नीट मांडा. जमीन फार गेली नाही. पण दोन अर्ध्यांना एकमेकांकडं जखमी, दारूगोळा, डिझेल काहीच देता येईना. विमानतळाच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरणंही जवळपास अशक्य झालं, त्यामुळं कुमक पश्चिम भागात उतरवावी लागली. अन्न टाकायची जागाही लढाईत सापडली आणि संयुक्त राष्ट्रांनी १५ जानेवारीपासून खेपा थांबवल्या. ३१ जानेवारीला नवी जागा ठरवून त्या पुन्हा सुरू केल्या. त्या पंधरवड्यात वस्त्यांत काय झालं असेल याचा विचार करा. वीज आधीच नव्हती, नदी शेजारी असून पाणी चढवायला डिझेल लागायचं.

एक आणखी. नागरिकांना या लढाईत नुसते बघे म्हणून मांडू नका. १६ जानेवारी २०१६ ला आयसिस वायव्येच्या बघालिया उपनगरात घुसलं तेव्हा शेकडो लोकांना पळवून नेलं आणि पुष्कळांना तिथंच मारलं. लढाईची ओळ मागं हटली की काय होतं, ते जौरा-कसूरच्या लोकांना माहीत होतं.

---

मीनाक्षी_वडगाव

धान्य टाकण्याबद्दल मी लिहिते. हा भाग लोक एका ओळीत उरकतात, आणि खरं कसब तर इथंच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०१६ ला झाली. २१ टन माल होता, एकवीस पॅलेट (फळीच्या तळावर बांधलेले गठ्ठे). चार पॅलेट फुटली, सात दोन्ही बाजूंच्या मधल्या निर्जन पट्टीत पडली, दहांचा पत्ताच लागला नाही. म्हणजे वेढ्यातल्या माणसाच्या हातात जवळजवळ काहीच पडलं नाही. कारण गणितात आहे.

दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी हीच संस्था दोन-तीनशे मीटरवरून पॅराशूटशिवाय पोती टाकते. एकात एक अशी पोती घालून शिवतात, आतलं फुटलं तरी बाहेरचं धान्य धरून ठेवतं. देर अझ-झोरला एवढं खाली येता येत नव्हतं. खांद्यावरून सुटणारी क्षेपणास्त्रं साडेतीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत गाठतात, म्हणून विमान त्याच्या बरंच वर ठेवावं लागतं. हिशोबासाठी ५ किलोमीटर धरा.

मोठं पॅराशूट लावलं तर पॅलेट सेकंदाला सुमारे ७ मीटर या गतीनं उतरतं. पाच हजार मीटरला बारा मिनिटं लागतात. वारा सेकंदाला १० मीटर असला, आणि उंचावर तेवढा असतोच, तर पॅलेट सात किलोमीटर वाहून जाईल. एवढं अंतर आधी मोजून तेवढंच अलीकडं टाकता येतं हे खरं. पण वाऱ्याच्या अंदाजात सेकंदाला दोनच मीटरची चूक झाली तरी दीड किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय वारा सगळ्या थरांत एका दिशेनं नसतो. नदीच्या खोऱ्यावरचा, हजार मीटरवरचा आणि चार हजार मीटरवरचा, तिन्ही वेगळे असू शकतात. सुरक्षित पट्टाच काही किलोमीटरांचा, तिथं दीड किलोमीटरची चूक म्हणजे माल आयसिसच्या हातात.

उपाय म्हणजे छोटं पॅराशूट. ते पॅलेटला फक्त सरळ धरून ठेवतं, वेग फारसा कमी करत नाही. सेकंदाला २५ मीटर गतीनं उतरलं तर पाच हजार मीटर दोनशे सेकंदांत संपतात, वाहून जाणं दोन किलोमीटरवर येतं आणि वाऱ्याच्या तेवढ्याच चुकीचा फरक चारशे मीटरवर. पण आता आदळण्याचा प्रश्न उभा राहतो. ७ मीटरनं उतरणं म्हणजे अडीच मीटरवरून पडणं, २५ मीटरनं म्हणजे तीस मीटरपेक्षा जास्त उंचीवरून. अचूकता वाढवली की माल फुटतो आणि माल जपला की तो भरकटतो.

आदळणं सोसायला तळाला जाड प्लायवूड, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याचे थर. ते चेपताना धक्का खाऊन टाकतात. पुठ्ठा किती हे वजनावर आणि आदळण्याच्या वेगावर ठरतं. कमी पडला तर माल फुटतो, गरजेपेक्षा जास्त जागेवर पसरला तर तो पुरता चेपतच नाही आणि धक्का तसाच वर पोचतो. वर पोती, सगळ्याला जाळी आणि पट्टे. पोती मध्यभागी नीट बसली नाहीत तर पॅलेट हवेत गिरक्या घेतं, दोर पिळतात आणि पॅराशूट पुरतं उघडत नाही. म्हणून बांधणी हे अर्धं काम आहे. माल कुठला यावरही बरंच अवलंबून असतं. तांदूळ, डाळी, हरभरा आदळणं सोसतात. बाटलीतलं तेल आणि पत्र्याचे डबे लवकर जातात, त्यांना वेगळी बांधणी लागते.

मग सोडण्याचा क्षण. इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान त्या वेळी सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पुढं सरकत असतं. सव्वीस पॅलेट बाहेर पडायला दहा सेकंद लागले तरी जमिनीवर एक किलोमीटर लांबीची रांग होते. म्हणून टाकायची जागा गोल नको, लांबट हवी, आणि विमानाची दिशा त्या लांबीला धरून हवी. विमानातल्या रुळावर एक पॅलेट अडलं तर मागचं प्रत्येक पॅलेट शंभर-दोनशे मीटर पुढं पडतं.

पहिली खेप फसल्यावर घाई केली नाही हे त्या लोकांचं मोठेपण. दीडेक महिना बांधणी, पॅराशूट आणि वाऱ्याची गणितं पुन्हा तपासली. १० एप्रिल २०१६ ला जॉर्डनमधल्या अम्मानहून उडालेल्या विमानानं २० टन माल सव्वीस पॅलेटांत टाकला आणि बहुतेक पॅलेट नेमल्या जागी पडली. म्हणजे दर पॅलेट सुमारे ७७० किलो. सीरियन रेड क्रेसेंटचे (तिथल्या रेड क्रॉससारख्या संस्थेचे) स्वयंसेवक खाली थांबून माल गोळा करायचे, मोजायचे आणि वाटायचे. तोही पट्टा तोफांच्या माऱ्यात होता, हे विसरू नये.

आता जेवणाचा हिशोब. २० टन म्हणजे २,५०० माणसांना महिनाभर, असं त्या वेळी सांगितलं गेलं. माणशी ८ किलो. लाख माणसांना महिन्याला ८०० टन लागतील, म्हणजे चाळीस खेपा. प्रत्यक्षात ऑगस्ट २०१७ पर्यंत तीनशेच्या थोड्या वर खेपा झाल्या, महिन्याला सरासरी अठरा-एकोणीस. माणशी पावणेचार किलोच्या आसपास आले. धान्य-डाळीच्या हिशोबानं हे दिवसाला साडेचारशे कॅलरीसुद्धा होत नाहीत, आणि मदतकार्यात २,१०० चा दंडक धरतात. सैन्यासाठी वेगळा माल यायचा आणि त्यातलं थोडं बाजारात पोचायचं, पण ते विकत घ्यावं लागे आणि भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. विमानानं टाकलेल्या अन्नानं शहर जगलं असं म्हणू नका. त्यानं उपासमार लांबवली.

---

खानापूरकर_संदीप

मीनाक्षीताई, असं गणित कुठंच सापडलं नव्हतं. एक विचारू? सैन्यासाठी टाकलेला माल यापेक्षा अचूक पडत होता काय?

---

मीनाक्षी_वडगाव

संदीप, पद्धत तीच, फक्त साधनसामग्री वेगळी. जानेवारी २०१६ त सीरियन इल्युशिन-७६ नं रशियन पॅराशूटी व्यासपीठं लावून २२ टन माल टाकल्याचं रशियानं जाहीर केलं होतं. लष्कराला दोन फायदे असतात. जमिनीवरून रेडिओवर खालच्या वाऱ्याची ताजी माहिती मिळते, आणि थोडा माल वाया गेला तरी खेप सुरू ठेवायचा निर्णय त्यांच्याच हातात असतो. मदतसंस्थेला मात्र माल शत्रूच्या हातात पडला तर पुढची परवानगीच अडते.

---

निपाणी_नाना

तबका आणि देर अझ-झोर यांची तुलना करताना सुट्या तळाची आणि शहराला चिकटलेल्या तळाची तुलना करतोय, हे ध्यानात ठेवा.

रक्का प्रांतात २०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये एकामागून एक तीन तळ पडले. आधी १७ वी डिव्हिजन, मग ९३ वी ब्रिगेड, शेवटी २४ ऑगस्टला तबका. तबका उघड्यावर, शेजारचे तळ आधीच गेलेले, मागं हटायला जागा नाही. जे मागं राहिले त्यातल्या दीडशेवर कैद्यांना आयसिसनं वाळवंटात नेऊन मारलं आणि चित्रफीत पसरवली. त्यांचा हेतू बाकीच्या चौक्यांनी घाबरून पळावं हा होता. देर अझ-झोरला उलटं झालं. शरण गेलं तरी मरणच आहे हे कळल्यावर कोण शरण जाईल?

त्याहून महत्त्वाची गोष्ट स्थानिक. ऑगस्ट २०१४ मध्येच आयसिसनं याच प्रांतातल्या शैतात टोळीची कत्तल केली, सातशेवर माणसं मारली. त्या टोळीतले वाचलेले तरुण पुढं सैन्याच्या बाजूनं लढले. त्यांना प्रत्येक गाव, प्रत्येक ओढा ठाऊक. बाहेरून आणलेल्या तुकडीला हे ज्ञान मिळत नाही.

तिसरं, उत्तरेला नदी. तिकडून मोठा हल्ला अवघड, म्हणून एक बाजू थोड्या माणसांवर धरता आली. चौथं, शहरातले ढिगारे. वर्षानुवर्षं लढून घरं इतकी पडली होती की बाँबच्या गाड्यांना रस्ताच उरला नाही. तबक्याला असलं काही नव्हतं.

इसाम झहरेद्दीनचं नाव येईलच. रिपब्लिकन गार्डच्या १०४ व्या ब्रिगेडचा हा सुवैदाचा, द्रुज या अल्पसंख्य धर्मपंथाचा अधिकारी पुढच्या फळीत राहून लढला, जवान त्याच्यामागं उभे राहिले, हे खरं. पण सगळं श्रेय एका माणसाला देऊ नका, आणि त्याला नायक करून तर मुळीच मांडू नका. वेढा उठल्यावर त्याच सप्टेंबरात त्यानं देश सोडून गेलेल्यांना ‘परत येऊ नका’ अशी दूरचित्रवाणीवर धमकी दिली, ओरड झाल्यावर सारवासारव केली. १८ ऑक्टोबर २०१७ ला हवीजा सक्र या शहराजवळच्या नदीबेटावर सुरुंगानं तो मेला. ज्यांनी उपासमार सोसली त्यांना असदच्या सरकारकडून काय मिळालं, तेही त्याच बैठकीत सांगायला हवं.

तुलनेला अलेप्पोजवळचा कुवैरिस तळ घ्या. तो बराच काळ वेढ्यात राहिला आणि १० नोव्हेंबर २०१५ ला जमिनीवरून कुमक पोचली तेव्हाच सुटला. अलेप्पोच्या उत्तरेच्या मेनाघ तळाला कुमक पोचली नाही, तो ऑगस्ट २०१३ मध्ये गेला. हवाई रसदीनं वेळ मिळतो. वेढा फोडायला रस्त्यानंच यावं लागतं. देर अझ-झोरसाठी तो रस्ता पालमिराहून सुखनामार्गे. पालमिरा डिसेंबर २०१६ मध्ये दुसऱ्यांदा आयसिसकडं गेलं होतं, महिनाभरात देर अझ-झोरवर घाव पडला. मार्च २०१७ मध्ये पालमिरा परत घेतलं, ऑगस्टमध्ये सुखना, आणि ५ सप्टेंबरला कुमक १३७ व्या ब्रिगेडच्या तळाला भिडली. विमानतळाची वाट उघडायला आणखी चारेक दिवस लागले. पूर्ण शहर ३ नोव्हेंबरला हाती आलं.

आणि हेच शहर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी फौजा लढाई न करता सोडून गेल्या. तिकडं पश्चिमेला अलेप्पो आणि हमा हातचे गेल्यावर मागून रस्ता राहणार नव्हता.

---

शहापूर_मास्तर

संदीप, ऐकणारे मराठा रेजिमेंटचे असतील तर या विषयाला त्यांच्याच इतिहासातून जोड आहे. ती सोडू नका.

वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न पुरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांच्या प्रदेशात झाला, आजच्या इराकात टायग्रिसवरच्या कुत-अल-अमाऱ्याला. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा पलटण. एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात त्या काळच्या चिमुकल्या विमानांनी पोती टाकली, पीठ दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांकडं. एकूण पोचलं आठ टनांच्या आत-बाहेर. तेरा हजार सैनिकांत वाटलं तर दिवसाला माणशी चाळीस ग्रॅमच्या आसपास. मीनाक्षीताईंनी मांडलेलं गणित शंभर वर्षांपूर्वीही तसंच नडलं होतं. जमिनीवरून येणारी कुमक नदीकाठी अडली आणि कुत पडलं.

दुसरी जोड खुद्द देर अझ-झोरची. ३ जुलै १९४१ ला हे शहर विशी फ्रेंचांकडून (जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारच्या फौजेकडून) दहाव्या भारतीय डिव्हिजननं घेतलं, सेनापती विल्यम स्लिम. समोरून नदीकाठानं एक ब्रिगेड, आणि चिलखती गाड्यांची तुकडी वाळवंटातून लांब वळसा घालून शहराच्या मागच्या बाजूला. पहिल्यांदा वादळानं आणि पेट्रोलच्या तुटवड्यानं वळसा फसला. मग बाकीच्या गाड्यांतलं पेट्रोल काढून त्या तुकडीला दिलं आणि दुसऱ्यांदा ती अलेप्पोच्या रस्त्यावर मागून येऊन उभी राहिली. शहर त्याच दिवशी हाती आलं.

२०१७ मध्येही निर्णायक वाट वाळवंटाच्या बाजूचीच ठरली. नदीकाठची पट्टी वस्तीची, कालव्यांची, सुरुंग पेरायला सोपी.

---

खानापूरकर_संदीप

मास्तर, कुतचं सुचलंच नव्हतं. आता नकाशाचं कसं करू? छापील नकाशांवर रंग तेवढे असतात, उंची कुठंच नसते.

---

चिकोडी_नकाशे

नकाशा स्वतःच काढा, अवघड नाही. उपग्रह चित्रांच्या संगणकीय नकाशावर ३५ अंश १७ मिनिटं उत्तर, ४० अंश १० मिनिटं पूर्व इथं जा. विमानतळाची सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी लगेच दिसेल. तिथून वायव्येला शहर, नदी आणि नदीतली बेटं.

आधी फक्त न बदलणाऱ्या गोष्टी काढा: नदी, धावपट्टी, पालमिराहून येणारा रस्ता, पॅनोरमा चौक, कब्रस्तान, १३७ व्या ब्रिगेडचा तळ. मग उंचीच्या रेषा. त्या चित्रावर दिसत नाहीत, म्हणून उंचीची मोफत मिळणारी माहिती घेऊन दर दहा मीटरला एक रेषा आखा. पन्नास मीटरच्या रेषा घेतल्या तर थरदा दिसणारच नाही, बहुतेक नकाशांत तो इथंच हरवतो. धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून २१० मीटरच्या आसपास धरून तिच्यापेक्षा वरचा भाग फिकट तपकिरी रंगवा.

ताब्याच्या रेषा नकाशावरच काढू नका. पारदर्शक कागदाचे चार ताव घ्या आणि प्रत्येकावर एक तारीख: ऑगस्ट २०१६, ऑक्टोबर २०१६, १७ जानेवारी २०१७, १० सप्टेंबर २०१७. एकावर एक ठेवले की थरदा कधी गेला आणि पट्टी कधी तुटली ते दिसतं. ताब्याची रेषा ठळक आणि बारीक ओढू नका, जाड आणि फिकट ओढा. प्रत्यक्षात ती रेषा नसते, दोन्हीकडून मारा होणारा पट्टा असतो.

पाचव्या तावावर मीनाक्षीताईंचा आकडा चढवा. टाकायच्या जागेभोवती दीड किलोमीटरचं एक वर्तुळ, चारशे मीटरचं दुसरं. मोठं वर्तुळ ताब्याच्या रेषेबाहेर किती जातं ते पाहिलं की पहिली खेप का फसली ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोठ्या आकारात झेरॉक्स काढणार असाल तर ‘एकास पन्नास हजार’ असं प्रमाण लिहू नका, कागद मोठा झाला की ते खोटं ठरतं. त्याऐवजी दोन किलोमीटरची मोजपट्टी नकाशाच्या कोपऱ्यातच काढा, म्हणजे ती कागदाबरोबर मोठी होते. पारदर्शक ताव मात्र मोठा झालेला नकाशा हातात आल्यावरच आखा, कारण झेरॉक्स यंत्रं दोन्ही दिशांना सारखी वाढवतातच असं नाही.